चोरीला गेलेला पश्चात्ताप

माझा धाकटा भाऊ मनोहर याने मला फसवलं. जमिनीत नाही, घरात नाही, पैशात तर मुळीच नाही. त्या बाबतीत मला फसवणारा अजून जालना जिल्ह्यात जन्मला नाही. त्याने माझा पश्चात्ताप चोरला. महिनाभर स्वतःशी भांडून मी जी कबुली तयार केली होती ती त्याने भर उपासनेत, माझ्या आधी उठून, माझ्याच शब्दांत, स्वतःची म्हणून सांगितली. आणि त्या शब्दांवर बाबांचा चाकू त्याला मिळाला. याला अकरा वर्षं झाली.

आता पुन्हा ताणाचे दिवस आले आहेत. आमच्याकडे मोसंबीच्या बागेतलं फळ उतरलं की डिसेंबरात पाणी तोडतात. विहिरीत पाणी असतं, मोटार चालू असते, पण झाडाला थेंब द्यायचा नाही. यालाच ताण देणं म्हणतात. दीड-दोन महिने झाड तहानेलं ठेवायचं. पानं आधी मलूल होतात, मग होडीसारखी मुडपतात, पिवळी पडून गळू लागतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, बाग गेली. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की थोड्याच दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरतं, आणि अंबड रस्त्यावरून मोटारसायकल पळवणारा माणूस त्या वासाने आपोआप हळू होतो. पण ते पुढचं. आत्ता बागांत नुसती तहान उभी आहे, रांगेने.

या दिवसांत मी रोज बागा बघत हिंडतो, कारण तोच माझा धंदा. आणि रोज मला त्या वर्षीचा ताण आठवतो. गाडीत पाण्याची बाटली असते, तरी घसा कोरडा. माझी बायको मार्था म्हणते, "झाडाला दोन महिन्यांनी पाणी तरी सोडतेत. तुमी सोतालाच अकरा वर्सं झाले ताण देऊन राह्यले." तिला बोलायला काय जातं. तिच्या बहिणीने तिचं काही चोरलेलं नाही.

मी शाळा सातवीत सोडली आणि मोसंबी तोडणाऱ्यांच्या टोळीत गेलो. मग क्रेट उचलले, मग दलालाच्या हाताखाली राहिलो, मग स्वतः बागा घेऊ लागलो. फळ झाडावर असतानाच आख्ख्या बागेचा मिळून भाव ठरवायचा. त्याला पारखी नजर लागते. जाड सालीचं, देठाशी खरबरीत झालेलं फळ आतून कोरडं असतं. पातळ चकचकीत सालीचं, हातात घेतल्यावर दिसतं त्याहून जड लागणारं फळ रसाचं. फळ न कापता आतलं ओळखायला मला कोणी शिकवलं नाही. मनोहर मात्र शिकला. जालन्याला वसतिगृहात राहिला, पदवी घेतली, भोकरदनला शिक्षक झाला. त्याचं कौतुक बाबांनी गावभर केलं. माझं कौतुक करताना बाबा म्हणायचे, "थोरला कष्टाळू हाय." कष्टाळू बैलालाही म्हणतात.

पण हेवा मनोहरपासून सुरू झाला असं म्हटलं तर ते खोटं होईल. तो त्याच्याही आधीचा आहे.

आमचं घर गावाच्या टोकाला, चार ख्रिस्ती घरं आणि सहा मुसलमान घरं यांच्या गल्लीत. समोर रहीमचाचा पिंजारी. त्यांचा सलीम माझ्याच वयाचा. आम्ही सात वर्षांचे असताना त्याची सुंता झाली. आदल्या दिवसापर्यंत माझ्याबरोबर मातीत लोळणारा सलीम हिरव्या सदऱ्यात, गळ्यात हार घालून गादीवर बसला. लोक त्याला बघायला येत होते, हातात काहीबाही ठेवत होते. चाचीने गोड भाताचं ताट आमच्याकडे पाठवलं. मी तो भात खाल्ला आणि जळालो. मनोहर तेव्हा पाळण्यात होता. मी बाबांना भर अंगणात विचारलं, आपली सुंता कधी? गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बाबा हसले नाहीत.

"आपली बी असते," ते म्हणाले. "पर मनाची. तिथं चाकू दिसत न्हाई, रगत दिसत न्हाई. दुखतं मात्र बराबर."

"मंग सदरा?"

"सदरा न्हाई मिळत."

हा सौदा तोट्याचा आहे हे मला सातव्या वर्षीच कळलं.

बाबा आमच्या गावच्या लहानशा मंदिराचे, म्हणजे चर्चचे, सुवार्तिक होते. दगडी भिंती, वर पत्रा, बाहेर लिंबाला टांगलेली घंटा. घंटा तेच वाजवायचे, पाळकसाहेब दुसऱ्या गावाला असले की उपासनाही तेच घ्यायचे. दीड एकर जमीन होती, त्यात मोसंबीची झाडं. शाळा चौथीपर्यंत, पण शास्त्र असं समजावून सांगायचे की शहरातून आलेले पाहुणे वही काढायचे. सुंतेची गोष्ट तर त्यांची आवडती. देवाने आपल्या माणसांशी करार केला आणि त्याची खूण त्यांच्या अंगावर ठेवली, तीही अशा जागी की बाजारात कुणाला दिसू नये. मोठेपणी मला हे फार पटलं. जुने व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे. काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक, बघणाऱ्याला नुसता हलणारा रुमाल. बाबा म्हणायचे, पण लोक खुणेवर गेले आणि करार विसरले. मग संदेष्टे ओरडून सांगू लागले की कातडं कापून काय उपयोग, मन तर जाडच राहिलं आहे. आणि मग येशूच्या एका प्रेषिताने आपल्या पत्रांत लिहून टाकलं की अंगावर खूण असली काय नि नसली काय, आत नवा माणूस झाला पाहिजे. आणि ही आतली सुंता माणसाच्या हातांनी होत नाही.

यात एक जागा यायची तेव्हा बाबांचा आवाज खाली यायचा. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत वाद झाला होता: बाहेरच्या लोकांना आत घ्यायचं तर आधी त्यांची सुंता करावी की नाही? बराच वाद झाला, आणि ठरलं की नाही. अट नको. "आत यायच्या आधी अमुक हो, तमुक कर, असं त्यायनी म्हनलं न्हाई," बाबा म्हणायचे, आणि थांबायचे. माझ्या आजोबांच्या पिढीला प्रत्येक दारात काही ना काही अट असायची. बरीच दारं तर अट घालूनही उघडत नव्हती. अशा घरातून आलेल्या बाबांना ही ओळ काय वाटत असेल ते मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आजही मला अटीशिवाय मिळालेल्या वस्तूचा भरवसा वाटत नाही. मी दोन्ही बाजूंनी हिसका देऊन बघतो.

नाताळ झाला की आठव्या दिवशी, म्हणजे एक जानेवारीला, बाळ येशूची सुंता झाली आणि नाव ठेवलं गेलं. म्हणून आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी उपासना. नाताळच्या करंज्या अजून डब्यात असतात, दारावरची कागदाची चांदणी दवाने मऊ पडलेली असते, आणि मंदिरात सतरंजीवर बसलं की खालचा गारठा धोतरातून, लुगड्यातून वर चढतो. बाबांनी या दिवसाला एक पद्धत लावली होती. वाचन झालं की प्रत्येक घरातल्या माणसांनी उठायचं, लहानापासून थोरापर्यंत, आणि या वर्षी मनातलं काय कापायचं ते एका वाक्यात सांगायचं. कुणी तंबाखू म्हणायचं, कुणी सासूशी बोलत नाही म्हणायचं. मग सगळे बाबांमागून आमच्या बागेत जायचे. तिथे बाबा कोटाच्या खिशातून शिंगाच्या मुठीचा चाकू काढायचे, डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचा जुना चाकू, आणि एका झाडाचा पानसोट कापायचे.

पानसोट म्हणजे मोसंबीच्या खोडातून सरळ वर फुटणारी फांदी. वाळलेली फांदी कोणीही तोडेल. तिला सल म्हणतात, ती हाताने मोडते. पानसोट हिरवागार असतो, जाड, ताठ, आख्ख्या झाडात सगळ्यात जोमाचा. नवखा माणूस तोच जपतो. त्याला फळ कधी येत नाही. सगळ्या झाडाचा रस तो एकटा पितो. बाबा त्याच्या बुडाशी पातं टेकवायचे आणि जमलेल्यांना म्हणायचे, "मेलेलं कापायला देव कशाला पाह्यजे. हे कापायला पाह्यजे." आणि एका ओढीत फांदी खाली. तो ओला हिरवट वास अजून माझ्या नाकात आहे. कापल्या जागी पाणी सुटलेलं असायचं.

बाबांनी नवी झाडं लावली तेव्हाचं आठवतं. दुसऱ्या वर्षी त्यांना फुलं आली आणि बाबांनी ती सगळी खुडून टाकली. तिसऱ्या वर्षीही खुडली. मी तेव्हा टोळीत जाऊ लागलो होतो, फुलाचं फळ आणि फळाचं काय होतं ते मला ठाऊक होतं. मी भांडलो. बाबा म्हणाले, जुन्या नियमात लिहिलंय, नव्या झाडाचं पहिल्या तीन वर्षांचं फळ बेसुनत, म्हणजे सुंता न झालेलं, समजायचं, खायचं नाही. चौथ्या वर्षीचं देवाला. मी म्हणालो, देव बाजारात येत नाही. ते फुलं खुडत राहिले. शेजारी मनोहर बसून खुडलेल्या फुलांची माळ करत होता. त्याला बाबांनी ती माळ गळ्यात घालू दिली. मी भांडलो म्हणून मला फुलं नाहीत. बघा, मला अजून आठवतं.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी दिवाळीनंतर मनोहरची शाळा बंद पडली. खाजगी होती, संस्थेच्या लोकांचं आपसांत फाटलं आणि एक दिवस दाराला कुलूप. मनोहर दोन पेट्या आणि बायको घेऊन गावी परत आला. मी त्याला आणायला गेलो, पेट्या मीच माझ्या टेम्पोत टाकल्या, वाटेत त्याला धीर दिला. घरी आलो आणि जेवायला बसलो. मार्थाने भाकरी वाढली. मी खाल्ली, अजून मागितली, अजून मागितली. ती म्हणाली, "आज लई भूक लागली का?" तेव्हा माझा हात ताटातच थांबला. भाजी रोजचीच होती, वांग्याची. भाकरी रोजचीच. चव मात्र लग्नाच्या जेवणाची लागत होती. माझ्या भावाची नोकरी गेली होती आणि मला गोड लागत होतं.

मी वाईट माणूस असेन, मूर्ख नाही. मला कळलं की हा पानसोट आहे.

पुढचा महिना कसा गेला ते मला माहीत. बागांना ताण बसला होता. मी बागा बघत हिंडायचो आणि गाडी कुठल्या तरी बांधाशी उभी करून बसायचो. पानं गळताना आवाज येतो, कोरडा, कागदासारखा. मी स्वतःशी वाक्य जुळवत होतो. एक तारखेला काय बोलायचं ते. आणि ते वाक्य मी बागेचा सौदा ठरवावा तसं घासून घासून ठरवलं, एकही शब्द जास्तीचा नको म्हणून: माझ्या भावाचं बरं झालं की माझ्या तोंडाची चव जाते, आणि त्याचं वाईट झालं की मला दोन घास जास्त जातात, प्रभू, हे काप.

त्याच महिन्यात बाबांची छाती भरली होती. ते म्हणाले होते, यंदा शेवटचं. मग चाकू ज्याचं मन खरंच कापलं गेलं त्याच्या हातात देईन. तो चाकू मला हवा होता. लपवत नाही. थोरला मी, घर उभं केलं मी. बाबांच्या हातून मला कधी काही मिळालं असेल तर काम मिळालं होतं. यंदा मला चाकू हवा होता. म्हणून माझा पश्चात्ताप खोटा होता असं कोणी म्हणू नये. दोन्ही होतं. भूक लागलेला माणूस देवाच्या घरी जेवायला बसला तर त्याची प्रार्थना खोटी होते का?

एकतीस डिसेंबरला दुपारी मी मनोहरला बागेच्या बांधावर बोलावलं. मला वाटलं, गोष्ट त्याच्याबद्दलची आहे, त्याने ती चारचौघांत पहिल्यांदा ऐकू नये. आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसलो. मी त्याला भाकरीचं सांगितलं, उद्याचं वाक्य म्हणून दाखवलं. माझा आवाज फाटला. जन्मात एकदाच फाटला असेल.  मनोहर हातातली काडी मोडत राहिला. मग एवढंच म्हणाला, "दादा, पुन्हा एकदा म्हण." मी पुन्हा म्हणालो. आता वाटतं, मी स्वतःच त्याला पाठ करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिर भरलं होतं. बाबा खुर्चीवर, अंगावर घोंगडी. वाचन झालं. आमच्या घराची पाळी आली, लहानापासून थोरापर्यंत. मनोहर उठला. हात जोडले, खाली बघितलं आणि म्हणाला, "माझ्या भावाचं बरं झालं की माझ्या तोंडाची चव जाते. त्याचं वाईट झालं की मला दोन घास जास्त जातात. प्रभू, हे काप."

 मग मनोहर रडू लागला, उभ्या उभ्या, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. बाबांचे डोळे वाहत होते. बायांच्या बाजूला मार्थाने माझ्याकडे बघितलं. तिला त्या दोन घासांचं ठाऊक होतं.

आणि पाळी माझी. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. आता मी काय म्हणू? तेच म्हणालो तर भावाची नक्कल. हा माझा माल आहे असं म्हणालो तर पश्चात्तापासाठी भांडणारा मीच पहिला. मी म्हणालो, "मी राग सोडतो."

मागून सुशीलाआत्या, बाबांची चुलत बहीण, म्हणाली, "किती वाजेपर्यंत रे?"

आख्खी मंडळी हसली. बाबासुद्धा, घोंगडीत. मी खाली बसलो. राग मी खरोखरच दुपारपर्यंतसुद्धा आवरून धरू शकलो नाही. बागेत बाबांनी मनोहरचा हात धरून त्यात चाकू ठेवला तेव्हा मी पायाने पाण्याची घागर उडवली. ताणावरच्या झाडाच्या बुडाशी ते पाणी गेलं आणि मातीने ते क्षणात पिऊन टाकलं.

मी मनोहरला मंदिरामागे गाठलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे: एका व्यापाऱ्याचं बागेत बोलणं चालू असेल तर दुसऱ्याने बांधावरच थांबायचं, पहिला बाहेर पडल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. ज्यांच्याशी मी रस्त्यावर हमरीतुमरीवर आलो आहे असे लोकही ही रीत पाळतात. माझ्या भावाने ती पाळली नाही. तसं मी त्याला म्हणालो, आणि बरंच काही म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो म्हणाला, "दादा, तू बांधावर बोललास तवा मला वाटलं, तू माझंच सांगून राह्यलास. तुझा नवा टेम्पो पहिल्यांदा दारात आल्ता ना, त्या दिवशी मी जेवलो न्हाई. पोट दुखतंय म्हनलं. मला तवर ठाऊकच नव्हतं ते काय हाय."

"मंग तुझं तू सांगायचं. तुझ्या शब्दांत. पदवी कशाला घेतली?"

"मला दुसरे शब्दच आले न्हाईत."

याला उत्तर म्हणतात का? दुसऱ्याच्या बागेतलं फळ तोडून आणायचं आणि म्हणायचं, माझ्या झाडालाही असंच येणार होतं.

बाबा पुढच्या पावसाळ्यात गेले. जायच्या आठवडाभर आधी मी एकटाच त्यांच्याजवळ होतो. मी सांगून टाकलं, की बाबा, ते शब्द माझे होते. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. ते म्हणाले, "ठाऊक हाय. ऐकतानाच कळलं. मनोहरला इतकं चांगलं बोलता येत न्हाई."

माझा राग आणि आनंद एकदमच वर आले. मी विचारलं, मग चाकू त्याला का?

"शब्द तुझे होते. पर लागले त्याला. तुला का न्हाई लागले ते इचार."

"कुणाला इचारू?"

त्यांनी पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं. मग त्यांना झोप लागली, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

मी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. तपासून बघितलं. मी माल तपासल्याशिवाय घेत नाही. मनोहर गावातच राहिला, बाबांची बाग करू लागला, संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागला. सलीमची मुलंही त्याच्याकडेच शिकली. त्यानंतर दोन वर्षांनी माझा पाय मोडला, ऐन तोडणीच्या हंगामात. मनोहर रोज पहाटे माझ्या टोळ्या घेऊन बागांत जायचा, संध्याकाळी येऊन खाटेशी बसून कुठल्या बागेत काय निघालं ते सांगायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघायचो. माझ्या मोडलेल्या पायाने याला दोन घास जास्त जातायत का? मार्थाला विचारलं, हा जेवतो किती? ती म्हणाली, "तुमच्या काळजीनं अर्धी भाकर ठेवून उठतो." त्या रात्रीच्या जेवणाची माझी चव गेली.

मग मी ट्रक घेतला. ट्रक दारात आला तेव्हा मनोहर झेंडूचा हार घेऊन आला. चालकाच्या जागेवर चढून बसला आणि भोंगा वाजवला, इतक्यांदा वाजवला की समोरून रहीमचाचा, आता नव्वदीला टेकलेले, काठी घेऊन बाहेर आले. मनोहर हसत होता. मी खाली उभा राहून त्याच्याकडे फळाकडे बघावं तसं बघत होतो. डोळ्यांच्या कडा, ओठांची टोकं, हसू संपल्यावर चेहऱ्यावर काय उरतं ते. साल पातळ होती. बोलणं हातावर तोलून बघितलं, जड होतं. कुठे कोरडं नव्हतं. चाळीस वर्षांत माझी नजर कधी चुकली नाही, आणि त्या दिवशी ती चुकावी अशी मी मनापासून इच्छा केली.

लोक भावाच्या पैशावर जळतात, पोरांवर जळतात. माझ्या भावाकडे माझ्याहून जास्त असं काही नाही. त्याला हेवा वाटत नाही, एवढंच आहे, आणि त्यावरच मी जळतो. ती हेव्याशिवायची जागा माझ्यासाठी होती. मी ती शोधून काढली होती, बोट ठेवून दाखवली होती.

परवा मनोहरचा बागेतून फोन आला. तो म्हणाला, "दादा, एक तारखेला बागेत ये. यंदा तू काप."

मी म्हणालो, चाकू बाबांनी तुला दिलाय.

"मंग मी तुला देऊन राह्यलो. तुझाच हाय तो."

मी फोन ठेवला. हे कसलं देणं. इतकी वर्षं छातीशी धरून ठेवावा असा चाकू, आणि हा तो करंजीसारखा पुढे करतो. जपला असता, नाही म्हणाला असता, तर मला थोडं बरं वाटलं असतं. आपल्या वस्तूसाठी भांडणारा माणूस मला कळतो.

मार्था समोर गहू निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "जा की. घ्या न चाकू. का त्याच्यातबी भाव करायचाय?"

जाणार आहे. अकरा वर्षं एक तारखेला त्या बागेत गेलो नाही, यंदा जाणार आहे. चाकू घेणार नाही. मनोहरशी भांडणारही नाही, कारण मी धंद्याचा माणूस आहे आणि मला दिसतं: चोरलेला माल त्याच्या घरी फळाला आला, माझ्याकडे राहिला असता तर मी तो एक तारखेला मंदिरात सुंदर बोलून दाखवला असता, चाकू खिशात घातला असता, आणि दोन तारखेला पुन्हा भावाच्या ताटाकडे बघितलं असतं. हे मला अकरा वर्षांत कळलं आहे. कळलं म्हणून काही कापलं गेलेलं नाही.

तेव्हा माझा सवाल आता मनोहरला नाही. बाबा सांगायचे, ही सुंता माणसाच्या हातांनी होत नाही. बरं. मग ज्याच्या हातांनी होते त्याने सांगावं. पानसोट कुठला ते मी दाखवलं होतं. पातं कुठे टेकवायचं तेही दाखवलं होतं. ताण मी सोसला, आजही सोसतो आहे. मग पाणी शेजारच्या झाडाला का सोडलं? एक तारखेला उपासना झाली की मी बाबांच्या बागेत, त्या विहिरीच्या कठड्यावर येऊन बसणार आहे, आणि या वेळी मी उठणार नाही. उत्तर तयार ठेवावं.